पाचवी कपबशी

प्रीती मॅडमनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि विश्वजित खाडेनं तो कागद घरी आल्या आल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. विश्वजित सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या लेखी कागदावर आलं म्हणजे हुकूम झाला, मग तो साहेबाचा असो नाहीतर मुक्या पोरांना बोलतं करणाऱ्या पंचविशीतल्या मॅडमचा.

हुकूम असा, की पोरीबरोबर रोज अर्धा तास खेळायचं. खेळ कुठला ते पोरगी ठरवंल. ती जे करंल ते खरं धरून आपण त्यात शिरायचं, चुका काढायच्या नाहीत. आणि शेवटच्या ओळीखाली मॅडमनी दोनदा रेघ मारली होती, की प्रश्न विचारायचे नाहीत. हे काय, ते कोण, म्हण बघू, सगळं बंद. आपण दोन शब्द बोलायचे आणि गप बसून मनात दहा आकडे मोजायचे, म्हणजे पोराला बोलायला जागा मिळते.

"एवढंच?" विश्वजितची आई अंबूबाई म्हणाली. "ह्येच्यासाठी राजारामपुरीपतोर गेलतास? दहा आकडं मोजायला मी बी शिकवलं असतं की."

पोरगी म्हणजे मनाली, घरात मनू. पावणेतीन वर्षांची. कान तपासून झालेले, आणि ते एवढे तिखट की तिसऱ्या घरात गुळाची ढेप फोडली तर ही झोपेतनं उठून बसायची. सांगितलेलं सगळं समजायचं. फक्त तोंडातनं शब्द नाही. हवं त्याच्याकडं बोट केलं की हिचं काम झालं. एप्रिलात बालवाडीत नाव घालायचं होतं, त्याची काळजी तिच्या आईला, वर्षाराणीला. विश्वजितला बालवाडीचं एवढं काही नव्हतं. संध्याकाळी सहाला तो सायकल ढकलत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीत शिरायचा, तेव्हा शेजारची पोरं आपापल्या बापाकडं "पप्पा आलं, पप्पा आलं" करत पळायची. मनू पायरीवर बसून त्याच्याकडं बघायची आणि पिशवीकडं बोट करायची. एकदा तरी ह्या पोरीनं आपल्याला पप्पा म्हणावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. कारकुनानं मागणी तोंडी करायची नसते.

तसे बाकीचे उपाय झाले होते. समोरच्या धोंडुबाईनं मधात वेखंड उगाळून चाटवायला लावलं. मग देवघरातली घंटा उलटी धरून तिच्यात पाणी भरलं, ते पाजायला लावलं. शेवटी म्हणाली, पोपटाचा उष्टा पेरू चारा, पोरगी रेडिओगत बोलंल. पोपट होता बाळासो ड्रायव्हरकडं. विश्वजित तीन रविवार पेरू घेऊन त्याच्या पिंजऱ्यापुढं बसला. पण तो पोपट उष्टं म्हणून काही ठेवायचाच नाही, बियांसकट संपवायचा. तिसऱ्या रविवारी विश्वजितनं अर्धा पेरू हिसकायला बोट आत घातलं, तर पोपटानं बोटच उष्टं केलं.

"ह्ये बोट नगा चारू हं पोरीला," बाळासो म्हणाला.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्यावर विश्वजितनं प्रीती मॅडमचा पत्ता शोधला.

तर दोन हजार एक सालची संक्रांत होऊन आठवडा झाला असंल. पहिल्याच तिन्हीसांजेला मनूनं भातुकली मांडली. चिनी मातीच्या इवल्या कपबशा. एक आजीपुढं, एक आईपुढं, एक बापापुढं, एक आपल्यापुढं. आणि पाचवी तिनं दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून जपत, मागच्या दाराजवळच्या स्टुलापुढं नेऊन ठेवली. स्टूल रिकामं होतं.

"ही कुणा—" विश्वजितनं जीभ चावली. प्रश्न बंद. केलं ते खरं धरायचं. मग कोल्हापुरात ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला जे म्हणतात तेच तो म्हणाला, "या पावणं. बसा."

"कोरडंच बसा म्हंतोस व्हय रं?" अंबूबाई खाटेवरनं म्हणाली. तिला असलं काही सुरू झालं की वीस वर्षं कमी व्हायची. "पानी दे आदी पावन्याला."

पाणी दिलं. विश्वजित आकडे मोजायला लागला. एक, दोन, तीन. घर गप झालं, मोरीतला ठिबकणारा नळसुद्धा. सातव्या आकड्याला मनू हसली. बापाकडं बघून नव्हे. मान वाकडी करून तिनं स्टुलाकडं कान दिला होता, कुणी लांबलचक गोष्ट सांगावी आणि आपण ऐकावी तशी. मग वळून तिनं विश्वजितकडं खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि परत खुदखुदली.

विश्वजितच्या अंगावर काटा आला आणि काट्यामागनं राग. पावणं कोण असंल ते असंल, पण पहिल्याच भेटीत पोरीला आपल्याबद्दल काय सांगितलं? टायपिंगच्या परीक्षेत दोनदा आपटलो ते तर नाही? ते अजून वर्षाराणीलासुद्धा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनूला रिकामे कप चालेनात. चहाच्या पातेल्याकडं बोट. मग घोटघोट खरा चहा ओतला. खेळ झाल्यावर भांडी उचलताना वर्षाराणी थबकली.

"अवो, पाचवा कप रिकामा हाय."

"सांडला असंल."

"सांडला असता तर फरशी चिकाट झाली नसती? आन् बशी बगा. कुनीतरी फुरका मारल्यागत वली हाय."

"मांजर."

"दार लावलंय की."

तिसऱ्या दिवशी विश्वजितनं कपाच्या आत पेन्सिलीनं खूण केली आणि अर्धा तास तिथनं नजर काढली नाही. चहा कमी होताना दिसला नाही, आणि अर्ध्या तासानं कपात चहा नव्हता. आता हे कसं? दुधावर साय धरताना तरी कुणाला दिसते? पण धरते की नाही?

मग आवाज सुरू झाले. एकदा फाटकापासून पायरीपर्यंत नव्या पायताणाची करकर आली, तालमीतल्या गड्यानं रुबाबात यावं तशी. दार उघडलं तर गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आणि एका रविवारी दुपारी अंबूबाई घोरत होती, वर्षाराणी गिरणीत गेलती, तेव्हा मोरीत काचेच्या बांगड्या वाजल्या. थांबून थांबून, भांडं विसळावं तशा. मनू उठून आत गेली. विश्वजितला उठता आलं नाही, पाय पाटाला चिकटलेले. पोरगी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड स्वच्छ धुतलेलं होतं आणि केसांची घट्ट, चापूनचोपून वेणी घातलेली होती. टोकाला रिबीन नव्हती. काळी सुती दोरी होती, तसली दोरी त्या घरात कुणाकडं नव्हती.

कुणीही शहाण्या माणसानं त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं असतं. पण वेणी घातलेली मनू स्टुलाजवळ मांडी घालून बसली आणि पुटपुटायला लागली. शब्द कळत नव्हते, पण चढउतार बोलण्याचाच. मध्येच थांबायची, ऐकायची, परत पुटपुटायची. विश्वजित रांगत जवळ गेला की गप. दूर झाला की चालू. आपल्या पोटच्या पोरीला काहीतरी सांगायचंय, लई सांगायचंय, आणि ते ती एका स्टुलाला सांगतीय. हा अपमान कुणापुढं मांडायचा?

त्यानं मॅडमपुढं मांडला.

"पुटपुटते? अहो, फारच छान!" प्रीती मॅडम खूश झाल्या. "मुलं मनातले मित्र करतात. चालू ठेवा तुम्ही."

"मॅडम, चहा खरोखर संपतोय."

"मग थोडा जास्त करत जा," असं म्हणून मॅडमनी कार्डावर 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. सरकारी नोकरीत सोळा वर्षं काढून विश्वजितला असला शेरा मिळाला नव्हता. तो विरघळला.

आणि त्या विरघळण्यातच त्याच्याकडनं घोटाळा झाला. त्या दिवशी खेळ संपला, मनूनं कपबशा गोळा केल्या, स्टूल जरासं करकरलं, पावणं उठल्यासारखं. आणि विश्वजितच्या तोंडातनं, सवयीनं, आपल्याकडं फाटकात उभ्या असलेल्या कुठल्याही पावण्याला म्हणतात तेच निघून गेलं. "निगालासा व्हय? ऱ्हावा की पावणं. आज मुक्कामच करा."

आता हे म्हणायचं असतं. म्हणजे पावणं म्हणतं, "न्हाय वो, धारंचा टाइम झाला, म्हसरं हाईत घरात," आणि जातं. पेठ वडगावपासून जयसिंगपूरपर्यंत ह्याच रीतीवर माणसं वेळेत आपापल्या घरी पोचतात. ह्या पावण्याच्या घरात म्हसरं नसावीत. स्टूल परत करकरलं. पावणं बसलं.

तिथनं पुढं अर्ध्या तासाचा हिशोब मिटला. सकाळी स्टुलाला हात लावावा तर गरम. दोरीवरचा टॉवेल कुणी अंग पुसल्यासारखा ओला. अंबूबाईच्या चंचीतली सुपारी कमी व्हायची, आणि उरलेली कातरलेली असायची.

"माज्यापरास बारीक कातरतंय गं कोन तर," अंबूबाई सुनेला म्हणाली. तिला भीतीपेक्षा त्याचं जास्त लागलं होतं.

फेब्रुवारीत शिरगणतीवाले आले. आकाराम गुरुजी म्हणून शाळामास्तर होते. दारात पायताण काढलं, खुर्चीत बसले, मांडीवर तक्ता पसरला.

"घरात माणसं किती?"

"चार," विश्वजित म्हणाला.

मनूनं पंजा पुढं केला. पाच. मग जरा विचार करून दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्याशेजारी धरलं.

"मला बी धरलीस व्हय बाळ?" गुरुजी हसले. चार लिहून, चहा पिऊन ते बाहेर गेले आणि लगेच वळून दारात उभे राहिले. "खाडे, सरकारी काम हाय. माणसं लपवू नगासा. ह्ये करकरीत नवं पायताण कुणाचं? आत कोन तर हाय की."

सगळे दारात आले. तिथं घरचे चार जोड होते आणि गुरुजींचा पाचवा. गुरुजींनी डोळे चोळले. मघा बोट केलं होतं तिथली फरशी नुसतीच होती, पण तिच्यावर धुळीत दोन पायांचे ठसे बसलेले, टाचा घराकडं. गुरुजींनी दिसंल त्या पायताणात पाय घातला आणि ते असे निघाले की पुढची चार घरं त्या वर्षी मोजायचीच राहिली म्हणतात. ते विश्वजितचं पायताण घालून गेले. पुढचे आठ दिवस विश्वजित गुरुजींच्या पायताणात, टाच बाहेर काढून, कचेरीत जात होता. साहेबांनी एकदा विचारलं, "खाडे, लहानपणचं का?"

गल्लीला वास लागला. धोंडुबाई लिंबू-मिरची घेऊन आली.

"ठेव ती तुज्याकडंच," अंबूबाई म्हणाली. "ते भाईरच्याला. ह्यो आत हाय. आता दारावर बांदलं तर ह्येला भाईर पडाय वाट ऱ्हानार न्हाय."

बाळासो ड्रायव्हर कायद्याचं बोलला. "बारा वर्सं बसू दिलंसा तर वहिवाट लागंल, भावा. स्टूल त्येच्या नावावर."

 वर्षाराणी रात्रीची भाकरी थापताना नवऱ्याला म्हणाली, "मला भ्या न्हाय वाटत, खरं सांगते. मला हेवा वाटतोय. माझी पोरगी तिथं बोलती."

विश्वजितनं तव्याकडं बघितलं. म्हणजे तो एकटाच नव्हता तर.

पावणं जावं असंही वाटायचं, आणि गेलं तर मनूचं पुटपुटणंसुद्धा जाईल म्हणून जाऊ नये असंही वाटायचं. असल्या कागदावर कारकून काय करतो? प्रलंबित ठेवतो. विश्वजितनं महिनाअखेरपर्यंत ठेवलं.

मग एका संध्याकाळी तो सायकल ढकलत गल्लीत आला, तर पायरीवर मनू नव्हती. आत गेला. मागच्या दाराजवळ, स्टुलाला टेकून, जत्रेतला लाल फ्रॉक घालून ती उभी होती. पायांत सँडल. हातात कापडी पिशवी, पिशवीत भातुकली. तिनं बापाच्या पिशवीकडं बोट केलं नाही. बघितलंसुद्धा नाही.

अंबूबाई खाटेवर सरळ बसली होती. तिच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं.

"इश्वा," ती हळू म्हणाली, "पावनं निगताना घरातल्या ल्हान पोराला काय म्हंतंय?"

 सगळेच म्हणतात. कोडोलीचा मामा म्हणतो, बेळगावची आत्या म्हणते. काय गं, येतीस का आमच्या गावाला?

"आन् पोरीनं मान हलवली," अंबूबाई म्हणाली. "म्या बगितली."

वर्षाराणीनं धावत जाऊन मनूला उचललं. पोरगी उचलंना. तीन वर्षांची नाही, धान्याचं पोतं असावं तशी जड लागली. ओढलं तसं स्टूल करकरायला लागलं.

"ओडू नगंस!" अंबूबाई ओरडली. "पावन्याला राग यील. महिनाभर ठेवून घेतलं आन् आहेर दिला का कुनी? मानपान न्हाय झाला म्हनून पोरगी न्यायलंय. आहेर करा, वाटं लावा. दिवा लागायच्या आत."

खरं होतं. गड्याला टॉवेल-टोपी, बाईमाणसाला खण-नारळ, त्याशिवाय पावणं उठवायचं नसतं. दोन्ही वस्तू लग्नसराईतल्या उरलेल्या, ट्रंकेत होत्या. पण पावणं गडी का बाई?

"गडी," विश्वजित म्हणाला. "पायताण वाजलेलं ऐकलंय मी."

"आन् वेणी घातली ती गड्यानं?" वर्षाराणी म्हणाली. "बांगड्या कुणाच्या?"

चुकला तर घोळ. बाईमाणसाच्या डोक्यावर टोपी घातली, की तालमीतल्या गड्याची ओटी भरली, दोन्हीत काय होईल ते सांगायला माणूस उरायचा नाही. आणि माहीत एकट्या मनूला. तिला विचारायची बंदी. विश्वजित कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावला.

"मॅडम, पोरीला प्रश्न न विचारता उत्तर कसं काढायचं?"

"दोन वस्तू समोर धरा," प्रीती मॅडम म्हणाल्या. "'हे का हे' एवढंच म्हणा आणि थांबा. निवडू दे तिला. फ्रॉक निवडायचाय का?"

"टोपी का खण."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, "पारंपरिक!"

विश्वजित परत आला तेव्हा घरात उजेड विझत चालला होता. त्यानं टॉवेल-टोपी पुढं धरली. वर्षाराणीनं खण-नारळ धरला. तिचा नारळ हलत होता, आतलं पाणी ऐकू येत होतं.

"ह्ये," विश्वजित म्हणाला, "का ह्ये?"

आणि थांबला. एक. दोन. मनू टोपीकडं बघत होती. चार. पाच. खणाकडं. मागच्या दाराची कडी आपोआप सरकायला लागली, गंजलेली कडी, आवाज न करता. आठ. नऊ.

"दोगं हाईत," मनू म्हणाली.

स्वच्छ. खणखणीत. पावणेतीन वर्षांत एकही शब्द न बोललेली पोरगी, दीड महिना आत साठवल्यासारखी.

अंबूबाईनं तोंडावर हात ठेवला. एकाला कप, एकाला बशी. एकाचं पायताण, एकीच्या बांगड्या. नवराबायको आली होती, आणि महिनाभर घरानं दोघांत एक कप चहा दिला होता. विश्वजितला भीती बाजूला राहून लाज वाटली.

टॉवेल-टोपी स्टुलावर ठेवली, खण-नारळ पाटावर. सगळ्यांनी खाली बघितलं, आहेर घेणाऱ्याकडं टक लावून बघू नये म्हणून. वर बघितलं तेव्हा स्टूल आणि पाट दोन्ही मोकळे होते. मग मागचं दार सोडून करकर मानानं पुढच्या दाराकडं निघाली आणि तिच्यामागनं किणकिण.

आहेर पोचला तरी मनूसुद्धा निघाली. पिशवी खांद्याला अडकवलेली आणि दोन्ही हात वर, एक इकडं, एक तिकडं, मोठ्या माणसांनी दोन्ही बाजूंनी बोट धरल्यावर लेकरू चालतं तसे. पायरी उतरताना तिचे पाय अधांतरी झाले. कुणीतरी उचलून उतरवली.

गल्ली बाहेर आली होती. धोंडुबाई, बाळासो, पोपटासकट.  विश्वजित अनवाणी धावत फाटकात जाऊन आडवा उभा राहिला.

"पावणं," तो म्हणाला. सगळ्या गल्लीदेखत. "चुकलं आमचं. एका कपात दोगांना पाजलं. काय न्यायचं ते न्या, पर पोरगी ठेवा. लई दीस न्हाय झालं तिला आमच्याकडं येऊन. तिनं अजून मला हाक बी मारल्याली न्हाय."

करकर थांबली. किणकिण थांबली. मनूनं मान वर करून आधी एका बाजूला ऐकलं, मग दुसऱ्या. बराच वेळ. दोघांचं आपापसात काहीतरी चाललं होतं. तिकडंही बायकोचंच चालत असावं, कारण डावा हात आधी सुटून खाली आला. मग उजवा.

मनूनं बापाकडं बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "पाया पड की."

विश्वजित खाडे भर गल्लीत रिकाम्या फाटकापुढं वाकला. हात मातीला टेकले. कुणीतरी हसलं, बहुतेक बाळासो, आणि लगेच गप झालं. कारण विश्वजितच्या डोक्यावरचे केस दबले. एका जड पंज्याखाली आधी, मग एका हलक्या हाताखाली, बांगड्या वाजवत. गार होते दोन्ही हात. करकर गल्लीच्या तोंडाकडं गेली, कोपऱ्यावर वळली, संपली.

"पप्पा, ऊट," मनू म्हणाली.

विश्वजित उठला नाही.

"अवो, गेलं पावणं," वर्षाराणी डोळे पुसत म्हणाली. "उटा की. लोक बगायल्यात."

बघू देत. तो तसाच वाकून राहिला, गुडघे कुरकुरायला लागले तरी.

"पप्पा! ऊट म्हनले न्हवं?"

आणखी एकदा, विश्वजित मनात म्हणाला. आणखी एकदाच.